किल्ल्यातला मुलगा आणि चौकीवरचा कारकून: मला प्रिय असलेले चित्रपट आणि व्हिडिओ गेम

एखाद्या नव्या व्हिडिओ गेमची स्तुती करताना "अगदी चित्रपट पाहिल्यासारखे वाटते" असे म्हणण्याची पद्धत आता चांगलीच रुळली आहे. मला मात्र ही स्तुती नेहमीच अपुरी वाटत आली आहे. चित्रपट मला अतिशय प्रिय आहेत आणि गेमही तितकेच प्रिय आहेत, पण त्यांच्यावर प्रेम करण्याची माझी कारणे वेगवेगळी आहेत. चित्रपट पाहताना माझ्या हातात काहीच नसते. पडद्यावरच्या मुलावर अन्याय होत असला तरी मला तो थांबवता येत नाही, आणि चित्रपटाची खरी ताकद मला त्या असहायतेत जाणवते. गेममध्ये जे घडते ते माझ्या बोटांनी घडते, त्यामुळे त्याचे श्रेय आणि त्याचा दोष या दोन्हींत माझा वाटा असतो. ज्या कलाकृतींनी आपल्या माध्यमाचा हा स्वभाव ओळखला त्यांच्याकडे मी पुन्हा पुन्हा वळते. ज्यांनी तो ओळखला नाही त्या कितीही लोकप्रिय असल्या तरी माझ्याकडून बहुधा अर्ध्यावरच सुटतात.

माझ्या पिढीतल्या बडोद्याच्या मुलामुलींना गेमची पहिली ओळख झाली ती टीव्हीला जोडायच्या स्वस्त यंत्रांवर आणि त्यांच्या जाडजूड कॅसेटांवर. दांडिया बाजारातल्या आत्याच्या घरी दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सगळी भावंडे जमत असू, आणि रिमोट दोनच असल्यामुळे बाकीच्यांना मागे बसून पाळीची वाट पाहावी लागे. सर्वाधिक मागणी असे ती 'कॉन्ट्रा'ला. कोनामी या जपानी कंपनीने 1987 साली काढलेल्या या गेमला कथा अशी जवळजवळ नाहीच. दोन सैनिक डावीकडून उजवीकडे गोळ्या झाडत जातात एवढेच. तरीही त्याची तिसरी, धबधब्याची स्टेज मला आजही गेमच्या कलेचा उत्तम नमुना वाटते. तिथे दोघांना खडकावरून खडकावर उड्या मारत वर चढायचे असते, आणि एकजण घाईने वर गेला की पडदाही त्याच्याबरोबर वर सरकतो आणि खाली राहिलेला जोडीदार आपोआप मरतो. जोडीदारासाठी थांबले पाहिजे असे गेममध्ये कुठेही लिहिलेले नाही. आतेभावाच्या दोन-तीन आरोळ्या ऐकल्यावर ते माझ्या अंगठ्यांना आपसूक कळले.

'प्रिन्स ऑफ पर्शिया' मी थोड्या उशिरा, संगणकाच्या क्लासमध्ये पाहिला, आणि चित्रपट व गेम यांचे नाते किती जवळचे असू शकते हे मला त्यातून समजले. 1989 सालच्या या गेमचा कर्ता जॉर्डन मेक्नर याने आपल्या धाकट्या भावाचे धावतानाचे आणि उड्या मारतानाचे चित्रीकरण केले आणि त्यातली एकेक चौकट संगणकावर उतरवून घेतली. राजपुत्र कड्याला लोंबकळतो तेव्हा त्याच्या शरीराला जे वजन जाणवते, ते तिथून आले आहे. तलवारबाजीसाठी त्याने 1938 सालच्या रॉबिन हूडच्या चित्रपटातल्या द्वंद्वाचा आधार घेतला. इतके सगळे चित्रपटाकडून घेऊनही त्याचा सर्वांत सुंदर प्रसंग केवळ गेममध्येच शक्य आहे. आरशातून उडी मारताना राजपुत्राची सावली वेगळी होते आणि पुढे तीच तलवार उपसून त्याच्यासमोर उभी राहते. तिच्यावर केलेला प्रत्येक वार राजपुत्राच्याच जिवावर येतो. उपाय एकच असतो, तो म्हणजे तलवार म्यान करणे. तोपर्यंत प्रत्येक शत्रूपुढे तलवार उपसायला शिकलेल्या हाताने ती स्वतःहून खाली ठेवायची, हा विचार खेळणाऱ्याच्या मनात आपणहून यावा लागतो. संगणकाची स्मृती इतकी अपुरी होती की नवे पात्र काढायला जागाच नव्हती, म्हणून मेक्नरने राजपुत्राचेच चित्र बदलून ही सावली घडवली. अडचणीतून कल्पना सुचल्याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

आता किल्ल्यांकडे येते. अविनाश अरुण यांचा 'किल्ला' (2014) हा माझ्या सर्वांत आवडत्या मराठी चित्रपटांपैकी एक आहे. वडील गेलेला, आईच्या बदलीमुळे पुण्याहून कोकणात आलेला अकरा वर्षांचा चिन्मय नव्या मित्रांबरोबर सायकलवरून किल्ल्यावर जातो, पाऊस कोसळू लागतो आणि त्या दगडी भिंतींमध्ये तो एकटाच मागे राहतो. दिग्दर्शक स्वतःच छायाचित्रकार असल्यामुळे पावसाळी प्रकाशाचा ओलेपणा त्या दृश्यात असा काही उतरला आहे की मुलाच्या मनातली भीती शब्दांत सांगण्याची गरजच राहत नाही. त्याला हाक मारावी, त्याला घरी न्यावे असे मला प्रत्येक वेळी तीव्रतेने वाटते, आणि प्रत्येक वेळी मी जागच्या जागी बसून राहते. अमृता सुभाष यांनी साकारलेली आईही त्याच्या मनापर्यंत पोहोचू शकत नाही. तिची आणि माझी असहायता तिथे एक होते.

फुमितो उएदा यांच्या 'इको' (2001) या गेममध्येही एक मुलगा किल्ल्यात एकटा सापडतो. त्याच्या डोक्यावर शिंगे आहेत, गावाला ती अशुभ वाटतात, म्हणून त्याला तिथे आणून कोंडले आहे. त्याला एक मुलगी भेटते, जिची भाषा त्याला कळत नाही. तिला घेऊन बाहेर पडायचे तर तिचा हात धरावा लागतो, आणि हात धरण्यासाठी कंट्रोलरचे एक बटण दाबून ठेवावे लागते. बोट उचलले की हात सुटतो. भिंत चढण्यासाठी किंवा कळ फिरवण्यासाठी तिला मागे सोडून जावे तर काळ्या सावल्या येऊन तिला अंधारात ओढून नेतात. धावताना तिला ओढ बसली की हातातला कंट्रोलर किंचित थरथरतो. काही तासांनी माझे बोट त्या बटणावरून उचलेनासे झाले, धोका नसतानाही. हे दोन किल्ले मी मनात नेहमी शेजारी ठेवते. चिन्मयचा हात मला धरता येत नाही म्हणून 'किल्ला' मोठा आहे, आणि त्या मुलीचा हात मला धरावा लागतो म्हणून 'इको' मोठा आहे. त्यांची अदलाबदल केली, चिन्मयला माझ्या बटणांवर चालवले आणि त्या मुलीला नुसते पाहायला ठेवले, तर दोन्हींचे मोल उणे होईल.

उएदा यांचाच 'शॅडो ऑफ द कोलोसस' (2005) याच जातीचा आहे. मेलेल्या मुलीला परत आणण्यासाठी सोळा महाकाय प्राण्यांना मारायचे असते. त्यांतले काही तर आपण त्यांच्या वाटेला जाण्यापूर्वी शांतपणे वावरत असतात. प्राणी कोसळतो तेव्हा विजयाचे संगीत वाजत नाही, शोकाचे वाजते. इतर गेम मारणे विसरायला लावतात, हा ते लक्षात ठेवायला लावतो.

ज्या जोडीबद्दल मला सर्वाधिक बोलावेसे वाटते ती मात्र वेगळीच आहे. चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' (2014) आणि ल्यूकस पोप यांचा 'पेपर्स, प्लीज' (2013). 'कोर्ट'मध्ये नारायण कांबळे या वृद्ध लोकशाहिरावर आरोप आहे की त्याच्या गाण्यामुळे एका गटार साफ करणाऱ्या कामगाराने आत्महत्या केली. चित्रपट पाहताना सुरुवातीला अनेकांना कंटाळा येतो, आणि मला त्यांच्याशी मनापासून वाद घालावासा वाटतो. कॅमेरा बहुतेक वेळ एका जागी स्थिर असतो, न्यायालयातल्या माणसांच्या चेहऱ्यांजवळ तो सहसा जातच नाही. तारखा पडतात, कलमांचे वाचन होते, एका बाईचे प्रकरण तिने बिनबाह्यांचा पोशाख घातला म्हणून न्यायाधीश त्या दिवशी ऐकूनच घेत नाहीत. सरकारी वकील बाई संध्याकाळी लोकलने घरी जातात, मुलाला आणतात, स्वयंपाक करतात, कुटुंबाबरोबर नाटकाला जातात. गीतांजली कुलकर्णी यांनी ही भूमिका अशी केली आहे की त्या बाईंचा राग येणे अवघड होते. त्या आपल्या ओळखीच्या, कष्टाळू, संसारी बाई आहेत. दुसऱ्या दिवशी त्याच बाई एका निरपराध म्हाताऱ्याच्या विरुद्ध तितक्याच नेटाने उभ्या राहतात. अन्याय करणारा माणूस दुष्ट असावाच लागत नाही, त्याला फक्त आपले रोजचे काम नीट करावे लागते, हे ताम्हाणे कोणाच्याही तोंडी न घालता दाखवतात. न्यायालयाला सुट्टी लागते, दिवे एकेक करून मालवले जातात आणि रिकामी खोली काळोखात बुडेपर्यंत कॅमेरा तिथेच राहतो. आपणही तिथेच राहतो, कारण आपल्याला उठून काही करता येत नाही. व्हेनिसच्या महोत्सवात या चित्रपटाला दोन पुरस्कार मिळाले आणि त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला, पण त्याचे मोठेपण मला त्या काळोखाच्या लांबीत दिसते.

'पेपर्स, प्लीज'मध्ये खेळणारा एका काल्पनिक हुकूमशाही देशाच्या सीमेवरचा कारकून असतो. समोर रांग, हातात दोन शिक्के, एक प्रवेशाचा आणि एक नकाराचा. पारपत्रावरचे नाव, मुदत, शहर, छायाचित्र हे सगळे तपासायचे. जितकी माणसे हातावेगळी होतील तितका पगार. दिवसातल्या पहिल्या दोन चुकांना ताकीद मिळते, त्यापुढे दंड होतो. संध्याकाळी हिशेबाचे पान समोर येते आणि घरभाडे, अन्न, शेगडी व औषध यांतले कोणते परवडेल हे ठरवावे लागते. सुरुवातीच्या दिवसांतच एक नवरा येतो, त्याची कागदपत्रे चोख असतात; पाठोपाठ त्याची बायको येते आणि तिच्याकडे प्रवेशाचा परवाना नसतो. परत गेलो तर मारले जाऊ, असे ती सांगते. तिला आत सोडले तर ती चूक माझ्या नावावर लागणार आणि कदाचित माझ्या मुलाचे औषध हुकणार. मी पहिल्यांदा तिला सोडले, कारण तेव्हा ताकीद शिल्लक होती. पण खेळ पुढे गेल्यावर, नियम वाढल्यावर आणि घरी थंडी वाढल्यावर, माझ्या लक्षात आले की मी लोकांची कहाणी वाचेनाशी झाले आहे. माझी नजर थेट तारखेवर आणि शिक्क्यावर जाते. 'कोर्ट'मधल्या वकील बाईंना मी ज्या अंतरावरून पाहिले होते ते अंतर या गेमने पुसून टाकले. चित्रपटाने मला ती व्यवस्था पाहायला लावली आणि गेमने मला तिच्या खुर्चीत बसवले. हे दोन्ही अनुभव एकाच माणसाने घ्यावेत असे मला कळकळीने वाटते, आणि शक्यतो याच क्रमाने.

चित्रपटात प्रेक्षक नुसता बसलेला असतो हे सांगताना नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'ची (2013) आठवण येणे अपरिहार्य आहे. बडोद्यात मराठी चित्रपट क्वचितच लागतात, त्यामुळे तो आम्ही घरीच पाहिला. जब्या या शाळकरी मुलाचे कुटुंब शाळेजवळ डुकराच्या मागे धावत असते, डुक्कर हाताशी येते आणि त्याच क्षणी शाळेत राष्ट्रगीत सुरू होते. सगळे कुटुंब जागच्या जागी उभे राहते आणि डुक्कर त्यांच्यासमोरून निघून जाते. आमच्या दिवाणखान्यात बाबा खुर्चीतून अर्धवट उठले आणि तसेच थांबले. उभे राहावे की बसावे हे त्यांना उमगेना. पडद्यावरचे कुटुंब ज्या अवस्थेत होते त्याच अवस्थेत त्यांचे शरीर क्षणभर सापडले होते. शेवटी जब्याने भिरकावलेला दगड थेट कॅमेऱ्याच्या दिशेने येतो आणि पडदा काळा होतो. तो दगड चुकवायला आपल्याला बटण दिलेले नाही, म्हणूनच तो लागतो.

लोकप्रिय गेमबद्दलही माझी मते स्पष्ट आहेत. पबजी हा भारतातला बहुधा सर्वांत जास्त चर्चा झालेला गेम असेल. सप्टेंबर 2020 मध्ये सरकारने त्यावर बंदी घातली आणि 2021 च्या जुलैमध्ये तो नव्या नावाने परत आला. शंभर माणसे एका बेटावर उतरतात, आकसत जाणाऱ्या वर्तुळात एकमेकांना मारतात आणि शेवटी एकजण किंवा एक संघ उरतो. ही कल्पना ज्या 'बॅटल रोयाल' (2000) या जपानी चित्रपटावरून सुचली त्यात बेटावर सोडलेल्या 42 मुलांपैकी दोघे सोडले तर सगळी एकाच वर्गातली असतात. ती एकमेकांना ओळखतात, एकमेकांवर प्रेम करतात, आणि मोठ्या माणसांच्या सत्तेने त्यांना हे करायला भाग पाडलेले असते. गेमने बेट घेतले, शस्त्रे घेतली आणि ओळख तेवढी वगळली. तरीही मी त्याला टाकाऊ म्हणणार नाही. टाळेबंदीच्या काळात पुण्यातली, इंदूरमधली आणि इथली आमची भावंडे त्याच गेममध्ये रोज रात्री भेटत होती, आणि गोळ्यांपेक्षा गप्पाच अधिक होत होत्या. ती मजा भावंडांनी आणलेली होती. बेट कोणतेही चालले असते.

'जीटीए 5' (ग्रँड थेफ्ट ऑटो) या गुन्हेगारीवरच्या गेमच्या 20 कोटींहून अधिक प्रती खपल्या आहेत. त्यातले शहर विलक्षण आहे, पण त्यातल्या कोणत्याही माणसाची मला काळजी वाटली नाही. त्याच कंपनीचा 'रेड डेड रिडेम्प्शन 2' (2018) मात्र मला फार मोठा वाटतो. त्यात आर्थर मॉर्गन हा नायक कर्जवसुलीसाठी एका आजारी शेतकऱ्याला मारतो, आणि ते ठोसे खेळणारा स्वतः बटण दाबून मारत असतो. तो शेतकरी खोकतो. पुष्कळ तासांनी आर्थरला क्षय झाल्याचे कळते तेव्हा त्याचे मूळ त्या ठोशांत होते हे आठवते, आणि ते ठोसे माझे होते.

ज्यांनी 'द लास्ट ऑफ अस' खेळलेला किंवा पाहिलेला नाही त्यांनी पुढचा परिच्छेद सोडून द्यावा.

2013 साली आलेल्या या गेमवर 2023 साली मालिका निघाली, त्यामुळे एकच कथा दोन्ही माध्यमांत तपासून पाहण्याची दुर्मिळ संधी मिळाली. गेमच्या शेवटी नायक जोएल आपल्या सोबतच्या एली या मुलीला रुग्णालयातून सोडवतो, आणि शस्त्रक्रियेच्या खोलीत डॉक्टरवर हल्ला केल्याशिवाय गेम पुढे सरकतच नाही. मी तिथे बराच वेळ नुसती उभी होते. मालिकेत तोच प्रसंग आवाज दाबून, संगीताच्या साथीने दाखवला आहे. तो प्रभावी आहे, पण तिथे मी जोएलकडे पाहत होते. उलट बिल आणि फ्रँक यांची कथा गेममध्ये एका कडवट पत्रापुरती उरते, आणि मालिकेच्या तिसऱ्या भागात ती दोन माणसांच्या संपूर्ण सहजीवनाची गोष्ट होते. दोघांचे म्हातारे होत जाणे नुसते पाहत राहावे असेच आहे; तिथे माझ्या हाताला काही काम दिले असते तर ते बिघडले असते.

बडोद्यात राहून चित्रपटांवर लिहिताना दादासाहेब फाळक्यांना वगळता येत नाही. सयाजीराव महाराजांच्या कलाभवनात 1890 च्या सुमारास त्यांनी शिक्षण घेतले. दांडिया बाजारापासून जवळच असलेली ती इमारत आज विद्यापीठाच्या तंत्रशाखेकडे आहे. 'राजा हरिश्चंद्र' (1913) काढण्यापूर्वी त्यांनी 'अंकुराची वाढ' नावाचा छोटासा चित्रपट केला होता. कुंडीत वाटाणा पेरून त्याचे रोज थोडे थोडे चित्रीकरण करायचे आणि मग रोप डोळ्यांदेखत वर येताना दाखवायचे. एवढ्या प्रयोगातून त्यांनी दाखवून दिले की जी गोष्ट डोळ्यांना एरवी कधीच दिसली नसती ती हे यंत्र दाखवू शकते. नाटकाचे चित्रीकरण करून दाखवणे त्यांना अवघड नव्हते. त्यांनी सुरुवात केली ती केवळ कॅमेऱ्यालाच जमेल अशा गोष्टीपासून.

गेमच्या क्षेत्रात असे धाडस आपल्याकडे होते आहे का, हे मी उत्सुकतेने पाहत असते. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने 2020 साली काढलेला 'राजी: अॅन एन्शंट एपिक' मी मोठ्या अपेक्षेने घेतला. राक्षसांनी पळवून नेलेल्या गोलू नावाच्या भावाच्या शोधात निघालेली राजी, तिच्याकडे वरून पाहत आपसात बोलणारे दुर्गा आणि विष्णू, राजस्थानी हवेल्यांसारखे वाडे आणि पहाडी चित्रांची आठवण करून देणारे रंग, हे सगळे पाहून मन भरून येते. आपल्या मातीतले सौंदर्य इतक्या मनापासून मांडलेला गेम मी त्याआधी खेळलेला नव्हता. मात्र बहीणभावांच्या प्रेमाची कथा बाहुल्यांच्या सावल्यांतून सांगितली जाते आणि माझ्या हातांना केवळ शस्त्रे चालवायला मिळतात. लढाया पुष्कळदा एकसारख्या होतात आणि शेवट घाईने येतो. गोलू हरवण्यापूर्वीचा एखादा तास निर्मात्यांनी खेळणाऱ्याला द्यायला हवा होता. त्या तासात त्याला हाताला धरून कोटाच्या भिंतीवरून नेता आले असते, उडी मारण्याआधी त्याच्यासाठी थांबता आले असते, आणि मग राक्षस त्याला घेऊन गेल्यानंतर तेच बटण दाबल्यावर राजीच्या हाताला काहीच लागले नसते. हे करायला मोठा खर्च लागला नसता असे मला वाटते, आणि भारतातला पुढचा कोणताही संघ असा प्रयत्न करणार असेल तर तो गेम मी पहिल्याच दिवशी विकत घेईन.